घरची चक्की, शुद्ध पीठ

२ जानेवारी
आजवर या दोन हातांनी केलेल्या वस्तू, एकदा नोंद असावी म्हणून: स्वयंपाकघरातली सगळी कपाटं. मागच्या गॅलरीचं छत. माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानातलं लेथ मशीन (भंगारातून). मुलीची खाट, जी कुरकुरत नाही. पाणी तापवायचं यंत्र (दोनदा, पहिलं फुटलं, पण कारण कळलं). आता यात भर पडणार: पीठ.
कारण, काल मोबाइलवर एक माहितीपट पाहिला. कारखान्यात गव्हाचा जीव काढून घेतात, उरलेलं पांढरंफेक करतात, मग त्यात चिमूटभर जीवनसत्त्व घालून उपकार केल्यासारखं विकतात. पाकीटमाराने पाकीट मारून बसभाडं परत द्यावं, तसं. सबंध कुटुंबाची तब्येत यात जाते म्हणे.
निर्णय: या घरात पाकीटबंद अन्न बंद. तात्काळ.
हिने विचारलं, टूथपेस्ट पण पाकिटातच येते, तिचं काय? मुद्दा वहीत टिपून ठेवला.

९ जानेवारी
भिंग घेऊन कपाट तपासलं. ज्या पाकिटावर घटकांऐवजी आकडे छापलेत ते सरळ बाहेर. एकतीस पाकिटं निघाली. टकळीने प्रत्येक पाकिटामागे सरासरी तीन प्रश्न विचारले. लेकीला टकळी म्हणतो ते उगाच नाही. नऊ वर्षांची झाली, अजून झोपेतसुद्धा गप्प बसलेली नाही.
नेमका मेहुणा टपकला. बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, म्हणजे शत्रुपक्षाचाच माणूस. म्हणाला, दाजी, फेकू नका, मी त्यांची योग्य विल्हेवाट लावतो. दोन पिशव्या भरून घेऊन गेला. जाताना एक पुडा टकळीच्या खिशात सरकवला. तो मी परत काढला. टकळी रडली. आज रडेल, उद्या आभार मानेल.

२१ जानेवारी
चक्की पूर्ण. बंद पडलेल्या गिरणीतले जुने दगड, छिन्नीने त्यांना टाकी मी स्वतः लावली. मोटर दुकानातल्या पंपाची. मोटर बसवताना ही म्हणाली, तयार चक्की बाजारात मिळते. मिळते. पण ती बनवणाऱ्याला मी ओळखतो का?
एकच अडचण आली. वरच्या दगडाच्या भोकात लोखंडी दांडा ढिला बसत होता. डिप्लोमावाल्या पोरांनी तिथे कसलासा गोंद भरला असता. गोंद म्हणजे रसायन. रसायन पिठाजवळ येऊ देणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलंय. म्हणून जुन्या कारागिरांच्या रीतीने भोकात शिसं वितळवून ओतलं. मऊ, निमूट धातू, गंजायचं नाव नाही. ओतताना खिडक्या उघड्या ठेवल्या, टकळीला बाहेर पाठवलं. सुरक्षेत तडजोड नाही.
सव्वीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. हातात एकही सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेटवाले आपले पंप माझ्याकडे आणतात.

२८ जानेवारी
घरच्या पिठाचा पहिला पाव. रंग गडद, घडण भक्कम. हिने तो दाराला अडसर म्हणून लावून पाहिला. वाऱ्याने दार हललं नाही. म्हणाली, चला, कशाच्या तरी कामी आला. मनापासूनचं कौतुक असं आडूनच येतं.
टकळीला विचारलं, कसा लागतो? म्हणाली, बाबा, तो आधी चावून होऊ दे, मग सांगते.

११ फेब्रुवारी
दर शनिवारी सगळ्यांनी मिळून एक माहितीपट पाहायचा, असा नियम केला. आजचा कोंबड्यांच्या कारखान्याचा. हिने डोळे मिटून घेतले. टकळीने पडद्यावरच्या कोंबड्यांना नावं द्यायला सुरुवात केली, ती संपेचनात. मेहुणा वेफर्स खात अखेरपर्यंत बसला आणि दिवे लागल्यावर म्हणाला, आज जेवायला कोंबडी आहे का?
या माणसाची काळजी वाटते. वजन वाढतंय, गाल लाल, पायऱ्या धावत चढतो. आतून पोखरलेला असणार.

२६ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या शुद्ध मालाच्या दुकानाचा मालक चक्की पाहायला आला. दगडावरून हात फिरवला. दुकानात मधोमध ठेवीन म्हणाला, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दळून देईन. चाळीस हजार देऊ केले. मी म्हणालो, ही विकायची वस्तू नाही, हे माझ्या घरच्यांचं आरोग्य आहे. त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला.
ही नंतर भांडी घासताना जरा जोरात घासत होती.

१४ मार्च
दांडा पुन्हा ढिला. पुन्हा शिसं ओतलं. गेल्या महिन्यातही ओतलं होतं. किती ओतलं ते मी भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. अंदाजपंचे काम मला चालत नाही. प्रश्न असा, की जुनं शिसं जातं कुठे? झिजत असावं. झिजणारच, धातू मऊ आहे. पुढच्या वेळी जाड थर द्यायचा.

२ एप्रिल
मोठं यश! टकळी शांत झाली आहे. शाळेतून येते, बसते, खिडकीबाहेर पाहते. प्रश्न नाहीत, गाणी नाहीत. साखर आणि छापील आकडे पोटात गेले नाहीत की मूल कसं स्थिर होतं, ते माहितीपटात सांगितलंच होतं. हिला म्हटलं, बघ. ही बघत होती. तीही हल्ली कमीच बोलते. घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच.

१९ एप्रिल
तिघांचंही पोट दुखतंय. टकळीचं जास्त. घाबरायचं कारण नाही. चांगलं अन्न मिळू लागलं की शरीर आधीचं साठलेलं विष बाहेर टाकतं. टाकताना त्रास होतोच. पाव सकाळी एक तुकडा होता, आता दोन.
ही म्हणते, पाण्याची बादली उचलवत नाही, हात गळून जातात. पांढरी पडली आहे हे खरं. मी म्हटलं, इतक्या वर्षांचा कारखान्याचा माल दोन-तीन महिन्यांत कसा निघेल? म्हणाली, माल निघेल तेव्हा निघेल, त्याच्या आधी मीच निघेन.
विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

५ मे
शाळेचे सुट्टीतले जादा वर्ग चालू आहेत, टकळीच्या बाईंनी तिथे बोलावलं. पाढे विसरते, वर्गात डुलक्या घेते, वही उलटी धरून बसते म्हणाल्या. घरी काही बिनसलंय का? मी उलट विचारलं, तुमच्या कॅन्टीनमध्ये पाव कुठून येतो? बाईंना सांगता आलं नाही. मूळ सापडलं. उद्यापासून दुपारच्या डब्यातही घरचाच पाव.
बाई म्हणाल्या, ती डबा खातच नाही हो. म्हणजे मग खायला लावलं पाहिजे.

१२ मे
हिच्या हट्टापायी दवाखान्यात. डॉक्टरीण तरुण. आहाराबद्दल विचारलं, तेव्हा मी सविस्तर सांगितलं. बाहेर माणसं खोळंबली तरी त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी रक्ततपासणी लिहून दिली. मी म्हणालो, तपासण्या हाही आता एक कारखानाच झालाय. चिठ्ठी खिशात ठेवली. घरी आल्यावर दांड्यात शिसं ओतायचं होतं, त्या गडबडीत चिठ्ठीचं राहून गेलं.

२३ मे
टकळी शाळेच्या जिन्यात पडली. घसरून नाही. उभी होती, डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. आता हॉस्पिटलात आहे. हात पलंगाला बांधून सुई लावलीय.
मेहुणा कामावरच्या टोपीसकट धावत आला. मला म्हणाला, दाजी, आता एक शब्द बोलू नका. मी बोलणारच नव्हतो.

२५ मे
रक्तात शिसं. तिच्या, हिच्या, माझ्या. मेहुण्याचंही तपासलं, ठणठणीत.
डॉक्टरीणबाई घरी आल्या. नळ पाहिले, भिंतींचा रंग खरवडून घेतला, भांडी उलटी करून बघितली. मग विचारलं, पीठ कुठलं? मी त्यांना चक्की दाखवली. रीतसर, पहिल्यापासून. दगड कुठून आणले, टाकी कशी लावली, दांडा ढिला का होता, गोंद का टाळला, शिसं कितीदा ओतलं. सगळं भिंतीवर लिहिलेलंच होतं. बाईंनी मध्येच हात वर केला. म्हणाल्या, पुरे.
त्या दगडाच्या भोकाकडे बघत होत्या आणि ही माझ्याकडे.
मी म्हणालो, ओतताना खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

९ जून
टकळी घरी आली. औषधाने रक्तातलं शिसं उतरतंय. मेंदूचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही येईल परत, काही येणार नाही, आज सांगता येत नाही. मी विचारलं, टक्केवारीत? त्यांनी फाइल मिटली. मला वाटतं त्यांनाच माहीत नसावं.
हिने कपाटात पाकिटं भरली आहेत. सगळी मेहुण्याने आणली. टकळी दुधात बिस्किट बुडवून खाते. बिस्किट तुटून पेल्यात पडतं आणि ती बघत राहते. भिंग मी दुकानात नेऊन ठेवलं.
ही माझ्याशी बोलते. मीठ दे, दार लाव, एवढं. चक्कीचं एकदाच म्हणाली: फोडून टाक. मी म्हटलं, उद्या.

१६ जून
दांडा दुसऱ्या पद्धतीनेही बसवता येईल. लाकडी पाचर. कागदावर काढून ठेवलंय. दगडांचा दोष नाही, हे कुणीतरी म्हणायला हवं.
कागद हिने पाहिला. फाडला नाही. जिथे होता तिथेच परत ठेवला.

२० जून
चक्की उलगडली. भोकातलं शिसं छिन्नीने उकरून माझ्याच तराजूवर तोललं. भिंतीवरच्या आकड्यांची बेरीज केली. चाळीस ग्रॅम कमी. पुन्हा तोललं. कण न् कण झाडून घेतला होता. चाळीस ग्रॅम.
भिंत ओल्या फडक्याने पुसली. खडू पुसला जातो, पण जागा दिसते.
संध्याकाळी टकळीने आतून हाक मारली, बाबा. छिन्नी टाकून धावलो. काय सांगायचं होतं ते विसरली होती. मी म्हटलं, आठवेल, बसतो. बसलो. आठवलं नाही. मग माझीच समजूत घातल्यासारखा तिने माझ्या हाताला हात लावला.
तेवढ्यात तो शुद्ध मालाचा दुकानदार. इतके दिवस फिरकला नव्हता, त्याच्या कानावर काही गेलेलं नाही. दगड सुटे पाहून म्हणाला, दुरुस्तीला काढलीत वाटतं? जोडून द्या, मागच्यापेक्षा वाढवून देतो. गिऱ्हाइकं रोज विचारतात, लेकुरवाळी माणसं आहेत सगळी. हॉस्पिटलचं बिल टेबलावर होतं. ही दारात येऊन उभी राहिली.
मी नकाराची मान हलवली, तर कारण विचारलं त्याने. मी म्हणालो, यंत्र अजून माझ्या मनासारखं झालेलं नाही, आणि मनासारखं झाल्याशिवाय मी काम कुणाला देत नाही. हे खरंच आहे, विचारा कुणालाही. ही आत गेली.
नाही म्हणालो. साठ हजार देत होता.