भाऊजी पासवर्ड विसरले त्याची गोष्ट

तीर्थरूप मामांना नमस्कार, आणि तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळा. मामींचा राग उतरला असेल अशी आशा आहे. (नसेल तर हे पत्र त्यांच्यापासून लांब ठेवा.)

भाऊजींच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या सगळ्या नोंदी कुलूपबंद करून द्यायचं काम ताईनं माझ्या गळ्यात मारलं. मी प्रोग्रॅमर असले तरी गुप्तलिपीतलं मला ओ का ठो कळत नाही, म्हणून स्वतःचं डोकं न चालवता जाणकारांनी लिहिलेली तयार लायब्ररी वापरली. (डोकं न चालवल्याबद्दल शाबासकी मिळावी असं हे एकच क्षेत्र.) तिच्यात पासवर्डमध्ये सॉल्ट म्हणून काही आगापिछा नसलेली अक्षरं मिसळतात आणि ते सगळं हजारो वेळा घुसळून त्यातून किल्ली काढतात. भाऊजींना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य, तेव्हा पहिली हरकत त्यालाच. मग आम्हाला पाठ फिरवायला लावून त्यांनी पासवर्ड ठेवला आणि आठवड्याच्या आत विसरले.

नेमकी तेव्हाच टेबलावर एक मांजर, तिच्या पोटात रबरी चेंडू, आणि भुलीचं कुठलं औषध तिला सोसत नाही ते कुलपात! मांजरीची मालकीण हुंदके देऊ लागली. ताई माझ्यावर खेकसली, "कुलूप तूच केलंस ना? मग उघड!" मला उघडता आलं असतं तर ते कुलूप कसलं? शेवटी तीच बसली. आधी स्वतःचं नाव घातलं. दर प्रयत्नाला मुद्दामच थोडा वेळ लागतो (चोरानं कंटाळावं म्हणून), तेवढा वेळ सगळे श्वास रोखून. छे. मग लग्नाची तारीख. तीही नाही. ताईचा चेहरा बघून मांजरसुद्धा कण्हायची थांबली.

"मग आहे तरी कुणाचं नाव?"

त्या प्रश्नासरशी भाऊजींना आठवलंच. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी नोंद उघडली, औषध बदललं, चेंडू निघाला, मांजर वाचली.

संध्याकाळी ताई खनपटीलाच बसली, तेव्हा ते पुटपुटले, "आईंच्या नावाचा आहे." सासूच्या नावाचा पासवर्ड! ताई विरघळली. ताईकडे राहायला आलेल्या आमच्या आईनं डोळे पुसत ही बातमी सगळ्या शेजाऱ्यांना सांगितली, आणि जावयाची एवढी माया बघून मुक्काम वाढवला.

तुमची लाडकी भाची

ता. क. मी बाहेर गेलेच नव्हते, टेबलाखाली प्रिंटरची वायर जोडत होते. भाऊजी एकेक अक्षर तोंडानं म्हणत टाइप करतात. पासवर्ड असा: "आईपरतकधीजाणार". चांगला लांब आहे, तांत्रिक खोट काढायला जागा नाही.

ता. ता. क. तर मामा, तुमच्या सख्ख्या बहिणीला तुमच्याकडे राहायला बोलवा ना, आणि जरा लवकर. दवाखान्याच्या नोंदी यापुढे आईनं सांभाळायच्या असं ताईनं ठरवलंय. येत्या सोमवारी भाऊजी तिला पासवर्ड सांगणार आहेत.