पाठीचं माप

नारायणगाव,
दि. १४ सप्टेंबर २००३

चि. आम्रपालीस,

मामाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या आत्याचा गुडघा पावसाने धरला होता, आता शेकून उतार आहे. तुझ्या वैष्णवीचा सहाचा पाढा पाठ झाला. सातच्या पाढ्यात चार दिवस अडकली आहे आणि त्याचा दोष बाईंना देते. टोमॅटोचा हंगाम असल्याने दुकानात सीटा शिवून घेणाऱ्या पिकअपवाल्यांची गर्दी आहे. परवा तू फोनवर बोललीस त्यातलं मला निम्मंच कळलं. तीस वर्षं मशीनवर बसून कान गेले. तेव्हा यापुढे महत्त्वाचं असेल ते पत्रातच लिहीत जा.

आता बॅगेचं. पुण्याच्या दुकानात तू दोन पाहिल्यास, एक तीस लिटरची आणि एक पंचेचाळीसची, आणि कुठली घेऊ ते कळेना. पोरी, लिटर हे दुधाचं माप. बॅगेला ते कुणी लावलं देव जाणे. बॅगेत किती मावतं हे दुकानदार सांगेल, पण तुझ्या पाठीला किती झेपतं हे त्याला काय माहीत? पंचेचाळीसची घेतलीस तर एक गोष्ट नक्की होईल, तू ती भरशील. रिकामी जागा दिसली की माणूस काहीतरी कोंबतोच.

खाली तू लिहिलंस, "मामा, तुम्हीच शिवाल का?" ते वाचून मी मशीन बंद केलं. आजवर ट्रॅक्टरच्या सीटा शिवल्या, जीपचे हूड शिवले. कॅमेऱ्याची पिशवी एकदाच शिवली, संघर्षने स्टुडिओ काढला तेव्हा. ती लग्नाच्या ऑर्डरीसाठी होती. मांडवात एका खांद्यावर अडकवायची, घरी आलं की खुंटीला लावायची. कावीळ होऊन माझा पोरगा गेला त्याला आता चार वर्षं होतील, आणि तीच पिशवी घेऊन तू देवरायांचे फोटो काढायला आहुप्याचे डोंगर चढतेस. मागच्या खेपेला तू गेल्यावर आत्या म्हणाली, "आवो, पोरीच्या खांद्यावर वळ उठलाय, बैलाला जू घासावं तसा." तेव्हापासून माझ्या मनात होतंच.

तर शिवतो. पण माप लागेल. सगळं सामान वर्तमानपत्रावर मांड आणि प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिल फिरवून तो कागद मला पाठव. एकूण वजन किराणा दुकानात करून घे. आणि पाठीचं माप. मान खाली घातलीस की मागे जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडापर्यंत. हे आपलं आपल्याला घेता येत नाही, दुसऱ्याकडून घे.

आणखी एक. इतकं सामान तू एकटीच घेऊन चढतेस का? तुमच्या कामावर बरोबर माणसं असतात ना?

तुझा मामा,
हनुमंत

~

नारायणगाव,
दि. १ ऑक्टोबर २००३

चि. आम्रपालीस सप्रेम जयभीम.

कागद मिळाला. वैष्णवीने तो माझ्या आधी उघडला. फुलं जवळून काढायच्या लेन्सचा गोल तिला पेला वाटला, म्हणून तिने त्यात केशरी रंग भरून सरबत केलंय. रागावू नको, रेघा शाबूत आहेत.

घरमालकीण सोनीबाईंनी माप घेतलं ते बरं झालं. साडेसोळा इंच. म्हणजे बॅग अठरा इंचांच्या वर नको, नाहीतर चढणीला मान वर केलीस की डोक्याला लागेल, आणि खाली उतरताना ढुंगणावर आपटत राहील. दोन कॅमेरे आणि लांब लेन्स पाठीला चिकटून, मधोमध. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की माणसाला मागे ओढते. रोल वरच्या कप्प्यात. ट्रायपॉड बाजूला, दोन पट्ट्यांत. चेन मी पाठीच्या बाजूने देणार आहे, म्हणजे चिखलात बॅग ठेवलीस तरी पाठीला लागणारा भाग कोरडा राहील. कमरेला रुंद पट्टा. वजन खांद्याने नाही, कमरेने उचलायचं. पाणी भरणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही, घागर त्या कमरेवरच घेतात.

साडेनऊ किलो मात्र फार आहे.

तू लिहिलंस, "पूर्वी भरत सर ट्रायपॉड आणि मोठी लेन्स त्यांच्या पिशवीत घ्यायचे. जुलैपासून ते दुसऱ्या गटात गेलेत. आता समोर आले तरी नीट बोलत नाहीत. माझं काय चुकलं कळत नाही. असो. म्हणून आता सगळं मलाच न्यावं लागतं, बॅग मोठी लागेल." हे मी दोनदा वाचलं. तुझं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. भरत माणूस सज्जन दिसतो, शांत बोलणारा, त्याची काही अडचण असेल. कामाच्या ठिकाणी असं होतं. फार मनाला लावून घेऊ नको.

कापड कोणतं घेऊ? हिरवं आणि काळं आहे माझ्याकडे. ताडपत्रीचं टिकाऊ असतं पण जड. मी नायलॉनचं बघतो.

वैष्णवी विचारते की दिवाळीला आई किती दिवस राहणार. आत्याने परवा तिला उसाच्या रानात बिबट्या आल्याची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ती अंगणातसुद्धा एकटी जात नाही. मला सोडून झोपत नाही. माझी गोधडी ओढते.

तुझा मामा,
हनुमंत

~

नारायणगाव,
दि. १७ ऑक्टोबर २००३

आम्रपाली,

जयभीम.

तुझं पत्र चारच ओळींचं आलं. "मामा, भरत सर शांत बोलतात हे तुम्हाला कसं माहीत? मी तर तुमची गाठ कधी घालून दिली नाही. तुम्ही त्यांना कुठे भेटलात?"

खोटं शिवायला गेलं की टाका कुठेतरी सुटतोच. सांगतो. हे पत्र दार लावून एकटी बसून वाच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुकानात आला होता. मला वाटलं जीपच्या सीटचं काम असेल. त्याने आपलं नाव सांगितलं, तुझ्याबरोबर झाडांची नोंद ठेवतो म्हणाला, आणि स्टुलावर बसला. मी चहा मागवला. मग तो म्हणाला, "मला आम्रपालींशी लग्न करायची इच्छा आहे. त्यांना अजून एक शब्दही बोललो नाही. सासरे असलात तरी त्या तुम्हाला वडिलांच्या जागी मानतात, म्हणून आधी तुम्हाला विचारायला आलो. वैष्णवीला मी माझी समजेन."

आणि मी काय म्हणालो ते ऐक. मी म्हणालो, "तिने आम्हाला शब्द दिलाय, दुसरं लग्न करणार नाही म्हणून. हा विषय तिच्यापुढे काढू नका. तिला लागेल."

तू मला असा शब्द कधी दिला नाहीस. मी मागितलाही नव्हता.

त्याने मान हलवली. "माफ करा, मला माहीत नव्हतं," म्हणाला. चहा अर्धा ठेवून गेला.

मी स्वतःची समजूत अशी घातली की ते मराठ्यांचं घर, घोडेगावकडचं, त्या घरात तुला कसं वागवतील? चुलीपर्यंत जाऊ देतील का? वर्षभर गोड वागतील आणि मग एखाद्या लग्नात तुला वेगळी बसवतील. हे भय खोटं नव्हतं, आम्ही ते जगलोय. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडात आलं ते निमित्त म्हणून. खरी गोष्ट तो "वैष्णवीला" म्हणाला तेव्हाच मला कळली होती. ती माझी गोधडी ओढते ना, तेवढंच माझ्या डोळ्यापुढे आलं. संघर्षचं म्हणून तेवढंच उरलंय. ते कुणी जीपमध्ये बसवून नेणार, आणि मी दुकान उघडून परक्याची सीट शिवत बसणार. मला ते झेपलं नाही.

पहिल्या पत्रात मी विचारलं होतं, एकटीच सामान नेतेस का. ते भोळेपणाने विचारलं नव्हतं. तो दूर झालाय का हेच मला बघायचं होतं. झालाय असं तुझं उत्तर आलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं नाही. "माझं काय चुकलं" असं तू लिहिलंस, तीच ओळ मी पुन्हा वाचली. जुलैपासून तू स्वतःला तपासत बसलीस, आणि चूक इथे मशीनपुढे बसली होती.

तुझ्या चार ओळी आल्या त्या संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उतरवली आणि म्हणाली, "त्या पोराला सांगितलं, आन् पोरीला विचारलं न्हाई? तुमी कोन व्हता ठरवनारं?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची.

रविवारी मी घोडेगावला गेलो. मंचरपर्यंत जीप, पुढे एस.टी. विचारत विचारत त्याचं घर काढलं. भरत अंगणात वर्तमानपत्रांच्या घड्यांत पानं वाळायला लावत होता. मला बघून उठला. त्याची आई अंबाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर धीर गेला असता.

मी म्हणालो, "जूनमध्ये मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्याने हातातलं पान घडीवर ठेवलं.

"तिने तसा शब्द कधी दिला नव्हता. नात जाईल म्हणून मी बोललो."

मग त्याने विचारलं, "म्हणजे त्या नाही म्हणाल्या नव्हत्या?"

"तिला कुणी विचारलंच नाही, भाऊ."

तो खाली बसला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तुम्ही आलात, हे सोपं नव्हतं. पण आधी त्यांना तुम्ही सांगा. तुमच्याकडून कळायला पाहिजे. त्यांना तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्यानंतर त्यांना वाटलं तर मी बोलेन. नाही वाटलं तर नाही."

अंबाबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. आम्रपाली, माझं वय बासष्ट आहे, आणि अजूनही परक्या घरात चहा आला की मी आधी कप बघतो. ही सवय जात नाही. त्यांच्या आणि माझ्या कपावर एकच निळी वेल होती. त्यांचा चेहरा काही फार खुललेला नव्हता, ते मी लपवत नाही. गावात काय बोलतील याचा विचार त्या करत होत्या, आणि तो मला कळत होता, कारण मीही तोच करून आलो होतो. पण निघताना त्यांनी विचारलं, "पोरगी कितवीला हाय?" मी म्हणालो, दुसरीला. "मंग हितली शाळा बरी हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. एवढंच झालं. यातून काय समजायचं ते तू समज.

मंचरचा पोपट टोमॅटो घेऊन पुण्याला येतो, त्याच्या गाडीने बॅग या पत्राबरोबर पाठवतोय. काळी केली. उंची साडेसतरा, रुंदी बारा, खोली सात. मधले फोमचे पडदे काढता-घालता येतात. मुद्दाम लहान करावी असं एकदा मनात आलं होतं, म्हणजे कुणाला तरी बरोबर घ्यावंच लागेल. मग माझी मलाच लाज वाटली. पुन्हा तेच, तुझ्या वतीने मीच ठरवायचं. म्हणून तुझं सगळं सामान मावेल एवढी केली, एक इंच जास्त नाही. पट्टे तुझ्या मापाने ओढून घे. पहिले चार दिवस खांदा दुखेल, मग कापड बसतं. नाही बसलं तर परत पाठव, उसवून देईन. उसवायला मला कमीपणा नाही.

वैष्णवीबद्दल. ती तुझी आहे. तू जिथे राहशील तिथे ती राहील, लग्न केलंस तरी, नाही केलंस तरी. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. दिवाळीनंतर तिला पुण्याला न्यायची असेल तर शाळेचा दाखला मी काढून ठेवतो. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू सांग.

भरतला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही. माझ्यावर रागावलीस तर तो राग धर, माझ्या वयाकडे बघून सोडू नको.

हे लिहीत असताना आत्या येऊन बसली. आठवडाभराने पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "माझं बी लिवा." तिच्याच शब्दांत लिहितो:

"आमू, म्हातारं चुकलं. तू आमच्यासाटी थांबू नकोस. माझा संघर्ष असता तर त्यानं तुला असं बांधून ठिवलं नसतं. पोरीला घिऊन जा. आमी रडू, पन ते आमचं आमी रडू. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढी धाड."

मी विचारलं, आणखी काही लिहू का? तिने नको म्हणून मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

माझ्याकडेही आता काही उरलं नाही. दिवाळीला ये. आलीस तर वाकून पाया पडू नको, समोर बस आणि काय बोलायचं ते बोल. ज्या कानाने अजून ऐकू येतं, तो मी तुझ्याकडे करून बसेन.

तुला न विचारता तुझ्या वतीने "नाही" म्हणालेला,
तुझा मामा
हनुमंत