एक न उडालेले काडतूस व एक हरवलेला काना

प्रति,
मा. सचिव,
शालेय नेमबाजी निवड समिती,
क्रीडा कार्यालय, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे
(डावीकडे पोहण्याचा विभाग आहे. तिथे मी दोनदा अर्ज देऊन परत घेतला आहे.)

विषय: काडतूस न उडाल्यामुळे माझ्या नावापुढे लागलेला 'माघार' हा शेरा रद्द करून राहिलेले शॉट मारू देणेबाबत.

संदर्भ: १) आंतरशालेय पिस्तूल स्पर्धा, मुलींचा गट, जागा क्रमांक चार.
२) क्रीडाबाईंच्या तक्रारीस आपल्या कार्यालयाचे उत्तर: "तक्रारीसोबत संबंधित काडतुसाची रिकामी पुंगळी जोडावी."

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी दहावीत शिकत असून शाळेच्या पिस्तूल संघात आहे. निवड शिबिराची यादी येत्या सोमवारी लागणार आहे. पुढच्या वर्षी माझा वयोगट बदलतो, त्यामुळे या यादीत नाव आले नाही तर पुन्हा येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून हा अर्ज थोडा लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्यांत मी पुढे होते. हे मी सांगत नाही, गुणतक्ता सांगतो. तिसऱ्या फेरीत मी श्वास रोखला, चाप ओढला, आणि 'धाड' व्हायचे ते नुसते 'टक' झाले. अशा वेळी काय करायचे ते आमच्या क्रीडाबाईंनी आमच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले आहे. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवायचे, कारण एखादे काडतूस आमच्या दादासारखे उशिरा उठते. चापावरचे बोट काढायचे. मोकळा हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत जागचे हलायचे नाही. उघडून आत डोकावायचे तर मुळीच नाही. मी यातले सगळे केले.

२. इथे एक खासगी गोष्ट नमूद करणे भाग आहे. आठवीपर्यंत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. उत्तर येत असे, हात येत नसे. बाईंनी मला संघात घेतले तेव्हा वर्गातल्या मुली म्हणाल्या, "ही? हिला हजेरीला 'उपस्थित' म्हणवत नाही, ही बार उडवणार?" तर सांगायचे असे की, भरल्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, आपण होऊन वर केलेला तो माझा पहिला हात होता. पंच त्या वेळी पाहुण्यांबरोबर फोटोत उभे होते. फोटो बरेच निघाले. एका हातात पिस्तूल समोर आणि दुसरा हात छताकडे, अशी मी रस्त्यावरच्या पुतळ्यासारखी उभी राहिले. शेजारच्या जागेवरच्या मुलीने तर दोनदा खुणेने विचारले, शू लागली का. तरीही मी हात खाली घेतला नाही.

३. शेवटी पंच आले. त्यांनी काडतूस बाहेर काढले, त्याच्या काठावर पिस्तुलाची पिन आपटल्याची खूण पाहिली आणि म्हणाले, "खूण चांगली खोल आहे. पिस्तूल ठीक, हात ठीक, काडतूसच खराब. हिला पुन्हा संधी द्या." एवढे बोलून त्यांनी हॉलच्या पलीकडे बसलेल्या नोंद घेणाऱ्या काकांना ओरडून सांगितले, "चार नंबरने हात वर केला." काकांच्या कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झाकणे होती. त्यांनी लिहिले: "चार नंबरने हात वर केले."

महोदय, आपण मराठी जाणता. हात वर केला म्हणजे मदत मागितली. हात वर केले म्हणजे गाशा गुंडाळला. काकांनी कान झाकले आणि माझा काना गेला. पुढच्या टेबलावर ते वाक्य वाचून कोणीतरी समोर 'माघार' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि राहिलेले शॉट मारायला मी परत उभी राहिले तेव्हा माझ्या जागेवरचे लक्ष्य उतरवून नेलेले होते. बाईंनी पंचांना गाठले. ते म्हणाले, आपण तोंडी सांगितले होते, लेखी जे झाले ते समितीच्या हाती. शिवाय एक साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या एका हातात पिस्तूल होते. दोन्ही हात वर केले असते तर स्पर्धा माझी नव्हे, सगळ्यांचीच संपली असती.

४. काडतूस का उडाले नाही, याचा शोध बाईंनी नंतर घेतला. त्याच खोक्यातली काडतुसे सरावातही अधूनमधून रुसली होती. पिस्तूल साफ होते, स्प्रिंग घट्ट होती, दुसऱ्या खोक्यातली काडतुसे त्याच पिस्तुलातून बिनतक्रार उडाली. मग भांडारातल्या मामांना विचारले. त्यांनी अभिमानाने सांगितले की, पाहुणे येणार म्हणून त्यांनी ते खोके उघडून एकेक काडतूस यंत्राच्या तेलाने पुसून लखलखीत केले होते. तेल गोळी आणि पुंगळी यांच्यामधल्या फटीतून आत मुरले आणि आतली दारू भिजली. मामांचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांनी काडतुसांकडे पाहिलेसुद्धा नाही, हे मात्र मामांना अजून कोणी सांगितलेले नाही, आणि आपणही सांगू नये.

५. आता संदर्भ क्रमांक २ विषयी. रिकामी पुंगळी जोडा, असे आपण कळवले. पुंगळी रिकामी होण्यासाठी काडतूस उडावे लागते. ते उडाले असते तर तक्रार नसती आणि तक्रार नसती तर पुंगळी कोणी मागितली नसती. हे मी खिडकीवरच्या साहेबांना समजावले. ते म्हणाले, "मग ते उडवून बघा, आणि उडाले की पुंगळी आणा." मी म्हटले, उडाले तर तुम्ही म्हणाल काडतूस चांगलेच होते. ते म्हणाले, "तसे म्हणावेच लागेल."

म्हणून बाई स्वतःचा शस्त्रपरवाना घेऊन ते न उडालेले काडतूसच दाखवायला आल्या. फाटकावरच्या रखवालदारांनी अडवले. जिवंत काडतूस आत नेता येत नाही. बाई म्हणाल्या, "अहो, ते मेलंय, म्हणून तर आणलंय." रखवालदार म्हणाले, "मेलं असेल तर तसा दाखला आणा." दाखला कोण देतो, असे विचारल्यावर त्यांनी वर बोट केले. वर आपलेच कार्यालय आहे. ते काडतूस सध्या रेंजवर वाळूच्या बादलीत कुलूपबंद आहे. ना जिवंत, ना मेलेले.

६. या काळात घरी काय चालले आहे, तेही कळवते. दादा मला 'फुसका बार' म्हणून हाक मारतो, आणि मी ओ देत नाही म्हटल्यावर म्हणतो, "बघ, आताही उडाला नाही." ते चालेल. पण आत्याने फोन करून आईला सांगितले, "बरं झालं बाई, वेळेवर हात वर केले तिने. मुलींना कशाला हवेत असले धंदे." आई सहसा आत्याला उलट बोलत नाही. ती एवढेच म्हणाली, "तिने हात वर केला होता, वन्सं. एक." आणि फोन ठेवून मला म्हणाली, तू लिहून दे. म्हणून हा अर्ज. मी हरले असते तर यादीखाली गपगुमान सही केली असती. न हरता मला हरता येत नाही.

तरी नम्र विनंती की,
नोंदीतील 'केले' या शब्दाची शेवटची मात्रा काढून तिथे काना द्यावा;
'माघार' हा शेरा खोडावा (नुसता कंसात टाकू नये);
यादी लागण्यापूर्वी मला राहिलेले शॉट मारू द्यावेत, आणि त्यासाठीचे खोके मामांच्या हाती पडू देऊ नये.

त्यातही काडतूस उडाले नाही तर मी पुन्हा तेच करीन. समितीने मला बोलावल्यास शाळा बुडवून हजर राहीन, आणि बोलण्याची पाळी येताच हात वर करीन. एकच. लिहिणाऱ्यांनी तेवढा मोजून घ्यावा.

आपली नम्र, पण माघार न घेतलेली,
(सही)
जागा क्रमांक चार, मुलींचा पिस्तूल संघ
दिनांक: १४ जानेवारी

सोबत:
१. क्रीडाबाईंचे पत्र.
२. रिकामी पुंगळी: जोडलेली नाही. कारण परिच्छेद ५ मध्ये.
३. काना, एक नग, कार्यालयाच्या वापरासाठी: ा