पूजेतून सुटलेली गाडी

लखन,

ओरडू नको, आधी हे वाच. जुने सुटे भाग शोधून तू उभी केलेली रिमोटची गाडी आज माझ्या हातून मोडली. दसऱ्याची पूजा झाली की आम्ही कारखान्यात लूम, म्हणजे माग, जरा चालवून बघतो. तसंच तुझ्या गाडीला कुंकू लावलं आणि तिचं बटण दाबलं. ती समई उडवून, तोरणाखालून सुसाट, थेट जिन्यावरून खाली! रिमोट आधी चालू करायचा असतो, नाहीतर गाडी अशी सुटते, हे तुझ्या आईनं मागाहून सांगितलं. मी तुला कधी विचारलंच नाही.

एक चाक मिळत नाही. खाली अंधारात स्कूटरींच्या मधे शोधतोय, उजेडाला बॅटरी घेऊन ये.

आजवर तिला खेळणं म्हणालो खरं. पण खेळण्याला दसऱ्याला कुंकू लावतं का रे कोणी?

आप्पा