साहेब येणार म्हणून सारवलेली भिंत

मु. पिंपरी, कार्तिक, सन १९५५

राजश्री ज्योतीरामभाऊ यांस चिमाजीचा रामराम. आपला गुडघा वळणावर आला असेल, वहिनींचा खोकला निवला असेल आणि म्हैस व्याली असेल, असं धरून लिहितो. (व्याली नसेल तर तिला घाई करू नका.) इकडे सगळं ठीक, पण जिवाला घोर लागलाय. तो तुमच्या बहिणीमुळं, म्हणून तुम्हालाच सांगतो.

नदीकाठच्या चिंचेपलीकडं कारखाना उभा राहतोय, हे देहूपर्यंत आलंच असेल. चित्रकला मला कुणी शिकवलेली नाही, पण उद्धवराव मास्तरांना विचारून शाळेतल्या पोरांना म्हटलं, दर अवसेला त्याच धोंड्यावर बसा, तीच चिंच बघा आणि आमच्या गोठ्याच्या भिंतीवर काढा. कोळसा, गेरू, चुना घरचाच. पहिल्या खेपेला सगळ्यांची चिंच मेथीच्या जुडीसारखी. मग हळूहळू नजर बसली. कुणी मागची पत्र्याची शेड काढली, कुणी धुळीनं पांढरा पडलेला पाला, कुणी तुटलेली फांदी. सोपानरावांच्या शालननं बगळ्यांची घरटी काढली आणि पुढच्या अवसेला निम्मीच. मी दटावलं, बाकीची खाल्लीस काय गं? तर म्हणते, "आजोबा, वर बघा की." बघितलं, तर खरंच निम्मी. (जन्म त्या झाडाखाली गेला, आणि मला पत्ता नाही.)

एवढ्यात कुणीतरी वर कळवलं, की उद्धवराव मास्तर पोरांना पाढे सोडून गोठ्यात धाडतात. शाळा तपासणारे साहेब म्हणाले, भिंत स्वतः बघतो. पटली नाही तर चित्रं बंद आणि मास्तरांची बदली. त्या सकाळी मास्तरांनी सामान बांधून ठेवलं. पोरं तेल चोपडून रांगेत. मी साहेबांना मोठ्या तोऱ्यात गोठ्याकडं वळवलं.

भिंत कोरी. ओली. शेणात बोटं उमटलेली. शेजारी तुमच्या भगिनी, डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणाल्या, "एवढा मोठा साहेब भिंत बघाया येनार, आन् तिला कोळसा फासलेला. बरं दिसतं व्हय?"

मास्तर तिथंच उकिडवे बसले. साहेबांनी पोरांना विचारलं, इथं काय होतं? तशी सगळी एकदम सांगू लागली, कुठली फांदी आधी तुटली यावरून दोघांची जुंपली. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, तोंडी नको, मला भिंतीवर दाखवा. संक्रांत झाल्यावर परत येतो. तेव्हापासून पोरं आठवून आठवून सगळी चिंच पहिल्यापासून काढताहेत. मास्तर अजून सामान बांधूनच आहेत.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

ता. क. – खरं काम असं, की संक्रांतीला बहिणीला माहेरी न्या. कारण विचारू नका, तिला सांगू नका, आणि साहेब येऊन जाईपर्यंत सोडू नका.

पुन्हा ता. क. – न्यायला येऊ नका. शालननं चित्रांच्या रांगेच्या शेवटी कोरी भिंत काढलीय, आणि पुढं पदर घेतलेली, कोपरापर्यंत शेण माखलेली बाई. तुमची दुर्गाबाई त्यापुढं किती वेळ उभी होती. मग शालनला म्हणाली, "नथ ऱ्हायली." आता नथ आलीय, आणि ही काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसते. वासरू आत येईना झालंय. मलाही लांबूनच बघावं लागतं.