माकड मोठ्यांसाठी

३ मार्च, सोमवार

माकड आलं! एकच, नमुन्याचं. बाकीची जहाजात आहेत, समुद्रात कुठेतरी. पोटावर दाबलं की खो खो हसतं. आमचे चिरंजीव म्हणतात, "दुकानदार रांगा लावतील बघ!" गेल्या वर्षी छत्र्यांच्या वेळी पण असंच म्हणाले होते.

सूनबाईनं माकड माझ्या उशाशी आणून ठेवलं. "आई, असू दे तुमच्याकडे." का, ते नाही सांगितलं. असो. दोन म्हाताऱ्या तोंडांची सोबत झाली.

फोनबाबा, लिहितोयस ना? मला अक्षर येत नाही, लेकीनं बोलायचं शिकवलंय. तू काय लिहितोस ते तुझं तुला ठाऊक!

५ मार्च

आज जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटर, ताटं माझ्या मांडीवर. कसला तरी नवा नियम आलाय. बाहेरून वस्तू आणायची तर ती कुणाला इजा करणार नाही, असं प्रमाणपत्र कॉम्प्युटरवरून सरकारात भरायचं — जहाज धक्क्याला लागायच्या आत. पूर्वी म्हणे कागद कपाटात ठेवला की भागायचं, कुणी मागितला तर शोधायचा. आता आधी भरा, मग माल.

त्यात एक रकाना — वस्तू वापरणार कोण? लहान मुलं लिहिलं तर आधी लॅब. तिथे ओढतात, आपटतात, पिळतात, मगच पास करतात. म्हणजे लहान मुलं करतात तेच, पण पगार घेऊन!

चिरंजीव म्हणाले, "त्या लॅबच्या भानगडीत महिना जाईल. मोठी माणसं लिही."

सूनबाई म्हणाली, "हसणारं माकड? मोठ्या माणसांसाठी?"

"का? आई खेळते की!"

मी नेमकी माकडाचे केस विंचरत बसलेली.

कंपनी सूनबाईच्या नावावर, म्हणून प्रमाणपत्राखाली नाव तिचं. म्हणाली, "उद्या खोटं ठरलं तर धरतील मला." चिरंजीव म्हणाले, "कोण बघतंय?" तिनं बटण दाबलं. चेहरा असा, जणू भूल न देता दाढ काढली.

६ मार्च

कॉम्प्युटरनं "मिळालं" असं कळवलं. चिरंजीव शीळ घालत फिरतायत. सुरात नाही.

९ मार्च

अरे देवा! समोरच्या बाईंचे थोरले दीर गेले. मला सांगायला आल्या, माझ्या पलंगावर टेकल्या, डोळ्याला रुमाल लावला — आणि खालून खो खो खो! बाई उठल्या, मी म्हटलं बसा हो, त्या बसल्या. पुन्हा खो खो!

मी किती गंभीर चेहरा केला, माझं मला ठाऊक. शेवटी बाईच म्हणाल्या, "दीर तसे विनोदीच होते म्हणा." मग आम्ही दोघी हसलो. माकड तिसरं.

११ मार्च

गोची झाली.

ओल्या फडक्यानं माकडाचं तोंड पुसत होते. जरा घासलं, तर डोळा हातात! केवढासा, चकचकीत, गुळगुळीत. पाहताक्षणी तोंडात टाकावा असा.

आमचे चिरंजीव लहानपणी दिसेल ते गिळायचे. एकदा कोटाचं बटण गिळलं, तर सगळं घर त्यांच्या भांड्याभोवती पहारा देत होतं! ते खाली उतरलं म्हणून बरं. घशात अडकलं असतं तर? हेच आता म्हणतात, कोण बघतंय.

पण सांगू कशी? सांगितलं तर माल अडकेल आणि घरात शिमगा होईल. नाही सांगितलं तर कुणाचं तरी पोर...

डोळा गोंदानं चिकटवला. जरा तिरळा बसला. तोंडाला कुलूप लावलंय. किती दिवस टिकतं बघू — याआधीची सगळी गंजलीत.

१४ मार्च

जहाज लागलं, माल अडवला. सरकारी ऑफिसात कुणीतरी बघतंय! विचारलंय, हसणारं माकड मोठ्यांसाठी कसं? उद्या फोनवर समोरासमोर बोलणार, वापरणारं माणूस दाखवा म्हणे.

वापरणारं माणूस म्हणजे मी.

चिरंजीव तालीम घेतायत. "आई, एवढंच बोल — मी रोज वापरते, मला बरं वाटतं."

"आणि हसू कधी?"

"तू हसू नकोस! माकड हसेल."

सूनबाई दारात उभी होती. मी म्हटलं, तू पण सांग काहीतरी. म्हणाली, "तुम्हाला विचारतील ते सांगा, आई."

१५ मार्च

फोनमध्ये मॅडम आल्या. चष्मा, केस करकचून बांधलेले, पण आवाज मऊ. "आजी, हे माकड तुम्ही वापरता?"

"रोज."

"कशासाठी?"

तालमीत हे नव्हतं! म्हटलं, "गप्पा मारायला. घरात दुसरं कुणी पुरतं ऐकून घेत नाही."

मॅडमचे ओठ हलले. चिरंजीव मागून अंगठा वर करत होते. मी तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण मॅडमनी विचारलं, "वापरताना काही त्रास?"

इतक्या आपुलकीनं मला गुडघ्यांच्या डॉक्टरनीही कधी विचारलं नाही! तोंडातून निघून गेलं — "त्रास काही नाही हो, तेवढा डोळा निघतो."

आणि दाखवला. ओढून. गोंद कच्चाच होता.

मॅडमनी चष्मा सावरला, चिरंजीवांचा अंगठा खाली आला. माकड तेवढं हसलं, हातात घट्ट धरलं होतं ना.

"आजी, घरात लहान मूल आलं तर तुम्ही हे त्याच्या हातात द्याल?"

म्हटलं, "नाही."

१६ मार्च

चिरंजीवांनी माकडाला कपाटात कोंडलं.

१८ मार्च

प्रमाणपत्र मागे घ्यायला लावलं. माल बंदरावर पडून. माकडं बनवणाऱ्या कारखान्यानं हे डोळे काढून त्या जागी धाग्याचे डोळे शिवून द्यायचे, मग लॅब, मग लहान मुलांचं म्हणून पुन्हा भरायचं. खोटं म्हणून धरलं नाही. आपणहून सांगितलंत, या वेळी समज देऊन सोडतो म्हणे. आपणहून! माझं तोंड म्हणजे आपणहून?

चिरंजीव मीठसुद्धा बोटानं मागतात. त्यांचं मला काही नाही, जन्मापासून रुसतायत. पण सूनबाईच्या नावावरचा हा पहिला माल. माझ्यामुळे बुडाली पोरगी. तिच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होत नाही. सबंध दिवस झोपेचं सोंग घेतलं. सोंगात खरंच झोप लागली, ते वेगळं.

२१ मार्च

चिरंजीव बाहेर गेल्यावर सूनबाई पलंगावर येऊन बसली. मी डोळे मिटले. म्हणाली, "आई, पुरे आता सोंग. तो डोळा पहिल्याच दिवशी माझ्या हातात आला होता. मीच परत खोचला आणि माकड तुमच्या उशाशी ठेवलं."

मी ताडकन उठून बसले. "मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते ह्यांना. रात्रभर भांडण झालं. मग म्हटलं, या घरात गप्प न बसणारं एकच माणूस आहे."