डावीकडची भिंत

लालबाग, बुऱ्हाणपूर
ता. २ डिसेंबर २०२५

प्रिय निरंजन,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र टाकतोय. पुण्याचा पत्ता आईकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. तिचे गुडघे तसेच आहेत. तुझी वहिनी भूमिका शाळेत शिकवून आली की आधी तुझी चौकशी करते. बुधवाऱ्यातलं आपलं कॉम्प्युटरचं दुकान चालू आहे. पाटीवर अजून दोघांची नावं आहेत.

थंडी यंदा बेताचीच.

मागच्या आठवड्यात यादव म्हणून एक गिऱ्हाईक आलं. त्याला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवं होतं. आपला दोन वर्षांपूर्वीचा, दोन कार्डांच्या तुलनेचा व्हिडिओ बघून आला होता. "भाऊ, तुम्हीच सांगितलं ना, आठ जीबी मेमरी आणि बारा जीबी, दोन्ही एकसारखेच चालतात. मग आठवालाच द्या." मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांबा.

तो व्हिडिओ करताना काय झालं ते तुला आठवतच असेल. दोन्ही कार्डांवर सेकंदाला सरासरी एकोणसत्तर-सत्तर फ्रेम येत होत्या. तू म्हणत होतास, "दादा, आकडा सोड, चित्र बघ. आठवाल्यावर डावीकडची भिंत आधी पुसट येते, मग भरते." मी म्हटलं, मला तर काही दिसत नाही, तू उगाच खोड काढतोस. तीनदा दाखवलंस. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. मग तू म्हणालास, "कंपनी ने फोकट में कार्ड दिया, और तू बिक गया." मी तुझ्या कानाखाली मारली. गिऱ्हाइकांसमोर. त्याच आठवड्यात तू पुण्याला गेलास.

याच्यावर मी आजवर काही लिहिलं नाही. आता लिहितो.

ऑगस्टमध्ये स्कूटर काढून सिंधीपुऱ्याकडे वळत होतो. डावीकडून देवरामकाका सायकलवर येत होते. ते मला दिसलेच नाहीत. त्यांचं मनगट मोडलं. लोक म्हणाले, दिवसाढवळ्या माणूस येतोय, आंधळा आहे का. दवाखान्यात मीच त्यांच्याजवळ बसलो होतो.

भूमिकाने मला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. आपण इतके गेम खेळलेलो, मला वाटलं हे तर सोपं. मधे चार-पाच ठिपके आले, मग बराच वेळ ठिपकाच आला नाही. मी विचारलं, "मॅडम, पुढचं सुरू कधी करणार?" ती म्हणाली, "अर्धी टेस्ट झाली, सर."

काचबिंदू आहे. मधलं नीट दिसतं, कडेचं गेलंय. डावा डोळा जास्त. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांपासून चालू असेल. गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी खाली येऊन चहा प्यालो.

यादव येऊन गेल्यावर रविवारी दुकान बंद ठेवून दोन्ही कार्डं पुन्हा लावली. तोच गेम, तीच गल्ली. सरासरी तीच, सत्तर. मग खुर्ची सरकवली, मान वळवली आणि स्क्रीनच्या डाव्या कडेकडे सरळ बघत बसलो. बारावाल्यावर भिंत लगेच आली. आठवाल्यावर आधी नुसता मातकट रंग, मग विटा. मेमरी कमी पडत होती. मी वीस-पंचवीस वेळा तेवढंच बघितलं.

यादवला बारावालं दिलं. जुना व्हिडिओ काढून टाकला. नवा टाकलाय, त्यात तुझं नाव घेऊन सांगितलंय की निरंजन बरोबर होता, माझे डोळे खराब होते. मला कुणी विकत घेतलं नव्हतं, पण तू खरं बोलत होतास आणि मी हात उचलला. दोन्ही खरं आहे.

पत्राचं कारण मात्र हे नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का. शेवटी शेवटी अप्पा चौकटीला धडकायचे आणि आपण दोघं हसायचो, ते सांगितलं. ते म्हणाले, सख्ख्या भावाने तपासून घेतलंच पाहिजे. दुखत नाही, कळत नाही. तू चौतीसचा आहेस, तुझ्याकडे वेळ आहे. ती बटणाची टेस्ट करून घे. या आठवड्यात. रिपोर्ट मला नाही कळवलास तरी चालेल, आईला कळव.

खाली 'तुझा दादा' लिहिणार होतो. ते लिहायचा हक्क उरलाय की नाही, ते तू ठरव.

योगेंद्र